फरक आहे, पण किती?

इंडियन सायन्स काँग्रेसचे १९२० सालचे अधिवेशन नागपूरला भरले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकी शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबीस तेथे आले होते. प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापे घेऊन ठेवली होती. त्यांचे विश्लेषण करण्याचे काम त्यांनी महालनोबीसांवर सोपवले. त्यातून एक प्रश्न पुढे आला: हा समाज इतर कोणत्या गटांच्या किती जवळचा?

एकच माप असेल तर उत्तर सोपे आहे. दोन गटांच्या सरासरींतील फरकाला प्रमाण विचलनाने भागले की झाले. पण मापे अनेक असली तर? लंडनचे कार्ल पिअर्सन यासाठी ‘वांशिक सादृश्याचा गुणांक’ वापरत. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मापांमधला सहसंबंध त्यात धरलेला नव्हता. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. नमुन्यातील माणसांची संख्या त्या सूत्रातच गुंतलेली असल्याने, गट तेच राहूनही केवळ जास्त माणसे (किंवा कवट्या!) मोजली की त्यांच्यातले अंतर वाढल्यासारखे दिसे.

‘फरक खरा आहे का?’ आणि ‘फरक केवढा आहे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे महालनोबीसांनी १९३० च्या निबंधात स्पष्ट मांडले. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी ‘डी-स्क्वेअर’ हे माप घडवले. सहसंबंध विचारात घेणारे त्याचे व्यापक रूप १९३६ साली प्रसिद्ध झाले.

सहसंबंधाने काय बिघडते ते पाहा. समजा, एका गटाची उंची दुसऱ्यापेक्षा अर्ध्या प्रमाण विचलनाने जास्त आहे आणि हातांची लांबीही तेवढीच जास्त. दोन्ही मापांत ०.८ सहसंबंध आहे. उंच माणसाचे हात लांब असायचेच. म्हणजे दुसऱ्या मापाने नवे फारसे काही सांगितले नाही. डी-स्क्वेअर येतो सुमारे ०.२८. आता उंची तेवढीच जास्त, पण हात तेवढेच आखूड असे धरा. फरकांचे आकडे तेच, मात्र डी-स्क्वेअर २.५, म्हणजे नऊपट! मापे वेगवेगळी पाहून हे कधीच कळले नसते. (वर्गात हे गणित आलेखावर दोन लंबवर्तुळे काढून दाखवता येईल.)

दोन्ही प्रश्नांचे नातेही सुरेख आहे. अमेरिकेतील हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३१ साली दिलेली ‘टी-स्क्वेअर’ चाचणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दोन नमुने सारख्या संख्येचे असतील, तर त्या संख्येच्या निम्म्याने नमुन्यांवरून काढलेल्या डी-स्क्वेअरला गुणले की टी-स्क्वेअर मिळतो. डी-स्क्वेअर ०.०४ इतका क्षुल्लक घ्या. प्रत्येकी ५० माणसांवर टी-स्क्वेअर १ येतो. प्रत्येकी ५,००० माणसांवर १००. दोन मापांसाठी नेहमीची सीमा सुमारे ६ आहे. म्हणजे पहिल्या वेळी ‘फरक सिद्ध होत नाही’ आणि दुसऱ्या वेळी ‘निःसंशय फरक’, अंतर मात्र तितकेच नगण्य! आजही कित्येक शोधनिबंध केवळ चाचणीचा निकाल देऊन थांबतात, याचे मला नवल वाटते.

संयुक्त प्रांतात १९४१ साली घेतलेल्या मापांवर महालनोबीस, धी. ना. मजुमदार आणि सी. आर. राव यांनी हीच पद्धत वापरली. तो अहवाल ‘संख्या’ या नियतकालिकात १९४९ साली आला. गट २२, म्हणजे जोड्या २३१, आणि हाताशी संगणक नाही. अंतरे मिळाली, ती वंशपरंपरेने पडली की आहाराने, हे मात्र डी-स्क्वेअर सांगत नाही.