गोळी की शीर? क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा मागोवा

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन करोना रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरोघरी आल्या. तेच औषध शिरेतून मोठ्या मात्रेत देण्याचे प्रयोगही जगभर सुरू झाले. करोनाने जन्माला घातलेली ही कल्पना नव्हे. तिचा वंश बराच जुना आहे.

१७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही हा रोग जडलेल्या बारा खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. १९२८ मध्ये शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनी यामागचा पदार्थ, म्हणजेच क जीवनसत्त्व, वेगळा केला आणि १९३३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला. मात्रा आता फळापुरती राहिली नाही. ती ग्रॅममध्ये मोजता येऊ लागली.

येथून तीन फाटे फुटले. अमेरिकेतल्या रीड्सव्हिल गावचे डॉ. फ्रेडरिक क्लेनर यांनी १९४९ मध्ये पोलिओचे साठ रुग्ण इंजेक्शनने बरे केल्याचा दावा केला, पण तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. १९७० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी सर्दीसाठी रोज ग्रॅमभर किंवा अधिक क जीवनसत्त्व तोंडाने घेण्याचा प्रचार केला. तिसरा फाटा आपल्या मातीतला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. कमला सोहोनी यांनी नीरेतली जीवनसत्त्वे अभ्यासली. कुपोषितांच्या आहारातली उणीव भरून काढणे हा त्यांचा हेतू होता.

गोळी आणि शीर यांत फरक खराच आहे. आतडे एका वेळी ठरावीकच क जीवनसत्त्व आत घेते आणि जास्तीचे मूत्रपिंड बाहेर टाकते. अमेरिकेतल्या २००४ च्या अभ्यासात सव्वा ग्रॅम तोंडाने घेतल्यावर रक्तातली कमाल पातळी लिटरमागे सुमारे १३५ मायक्रोमोल आढळली, तर तेवढेच शिरेतून दिल्यावर ८८५. म्हणून शिरेचे समर्थक म्हणू लागले की गोळीच्या चाचण्या फसल्या, कारण वाटच चुकीची होती. हा युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. पण रक्तात पातळी चढली म्हणजे रोग हटला असे नाही. ते चाचणीनेच ठरते.

चाचण्यांचे उत्तर आले. नियमित क जीवनसत्त्व घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्क्यांनी लवकर ओसरते. सर्दी झाल्यावर सुरू केले तर ठोस फायदा दिसत नाही. २०२१ मध्ये घरी असलेल्या करोना रुग्णांना रोज ८ ग्रॅम तोंडाने देऊनही ते लक्षणीयरीत्या लवकर बरे झाले नाहीत. २०२२ मध्ये सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, ८७२ रुग्णांच्या चाचणीत शिरेतून क जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के दगावले किंवा त्यांचे अवयव निकामीच राहिले. ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३८.५ टक्के होते. करोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांनाही शिरेतल्या मात्रेने तारले नाही, असे २०२३ मध्ये दिसले.

मोठ्या मात्रेचे धोकेही आहेत. तिने मूत्रपिंडात ऑक्झलेट साचू शकते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. शिरेतून दिल्यावर ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवू शकतो, आणि मधुमेह्याला त्यावरून इन्सुलिन दिले तर ते जिवावर बेतू शकते.

भारतीय शिफारस पुरुषांसाठी रोज ८० मिलिग्रॅम, स्त्रियांसाठी ६५. ती गरज एका पेरूत सहज भागते. ज्यांच्या ताटात तेवढेही पडत नाही, त्यांच्यासाठी सोहोनींचा फाटा आजही महत्त्वाचा आहे. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी विषाणूच्या भीतीने सलाईन लावून घेऊ नये. गोळी की शीर हा प्रश्न दुसरा. आधी विचारायला हवे ते हे, की हे औषध या आजारावर लागू पडते का?