ठिपके, बक्षीस आणि यादी

बोईसर-तारापूर हा वसाहतींचा टापू. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी इथल्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, पुढे एमआयडीसी वाढली. नोकरीबरोबर क्वार्टर आले. क्वार्टर म्हणजे नोकरीबरोबर मिळणारे आणि निवृत्तीबरोबर सुटणारे घर. अशा घरात कुत्रा पाळता येईल का, आणि आला तर कोणत्या जातीचा, हे कोणी ठरवायचे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण जुनी पाने चाळताना त्याची मुळे मला बरीच खोल गेलेली दिसली.

तारापूर हे पारशांचे जुने गाव. विकाजी मेहेरजी हे नामांकित सावकार इथलेच. पारशी अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्यासाठी परंपरेने ‘चार डोळ्यांचा’, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा पसंत केला जाई. तिथे कुत्र्याची खूण त्याला मान मिळवून देत होती.

मुंबईत इंग्रजांनी वेगळी खूण शोधली. मोकाट कुत्रा मारणाऱ्याला आठ आणे बक्षीस ठरले. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रेही पकडले जाऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, फौज बोलवावी लागली. मोकाट कोण, हे आठ आणे घेणाराच ठरवत होता; दंग्याचे खरे कारण तेच. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवले. पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आधीच पाळलेल्यांची नसबंदी करावी, असे त्यात होते. यादी वाचली तर ‘टोसा इनू’ आणि ‘जपानी टोसा’ ही एकाच कुत्र्याची दोन नावे वेगवेगळी आढळतात. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले होते.

पण सरकारी घरात बंदी घालायला कायदा लागतोच असे नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाने २००९ मध्ये आपल्या भाडेकरूंना पिटबुल, रॉटवायलर आणि डॉबरमन पाळण्यास मनाई केली. त्याच शहरात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ती मनाई नव्हती. आपल्याकडे प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना सांगते, की बहुमत असले तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. ही सूचना रहिवाशांच्या संघटनांना उद्देशून आहे. क्वार्टरमध्ये मात्र घर देणारा आणि नियम लिहिणारा एकच असतो, आणि राहणाऱ्याला मत नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: वसाहतीने नियम जरूर करावा, पण तो लस, पट्टा, नोंद आणि मालकाची जबाबदारी यांचा असावा. रेबीज जात पाहत नाही. जातीच्या नावाने क्वार्टरबाहेर काढलेला कुत्रा बदलीच्या किंवा निवृत्तीच्या घाईत कोण कुठे नेणार? फाटकाबाहेर पडताच तो मोकाट ठरतो. २०२४ ची यादी अशी आपल्याला पुन्हा १८३२ च्या रस्त्यावर आणून सोडते.