डार्प-३२ : संशोधनातील प्रतिपिंडे

प्रोटीन फॉस्फेटेज-१ या एंझाइमाला रोखणारे, डोपामाइनचा संदेश पेशीच्या आत पुढे नेणारे मेंदूतील प्रथिन. पॉल ग्रीनगार्ड (नोबेल पारितोषिक, २०००) यांच्या गटाने १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. स्ट्रायटम या भागातील चेतापेशींत ते विपुल असते, हे प्रतिपिंडांनी रंगवलेल्या मेंदूच्या कापांवरून दिसून आले.

प्रथिन दुतोंडी आहे. ३४ व्या स्थानावरील थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढला की ते फॉस्फेटेज-१ ला अडवते. ७५ व्या स्थानावरील थ्रिओनिनवर चढला की प्रोटीन कायनेज-ए या एंझाइमाला. त्यामुळे एका प्रतिपिंडावर भागत नाही. एक प्रतिपिंड एकूण प्रथिन दाखवणारे, तर दुसरे फॉस्फेट चढलेली नेमकी तेवढीच जागा ओळखणारे लागते.

अंबरनाथच्या अतिरिक्त एमआयडीसीतील भारत सीरम्सच्या कारखान्यात तयार होणारे सर्पदंशावरील प्रतिविष म्हणजेही प्रतिपिंडेच, घोड्याच्या रक्तद्रवातून काढलेली. पण तिथे सरमिसळ हवीच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, चौघांच्या विषांतली नाना प्रथिने एकाच कुपीने आवरायची असतात. डार्प-३२ च्या अभ्यासात हीच सरमिसळ घातक, कारण भलत्याच प्रथिनाला चिकटलेले प्रतिपिंडही ब्लॉटवर (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने शोधण्याची चाचणी) झकास पट्टी उमटवते.

ती पट्टी कुठे शोधायची, यातही गोम आहे. नावातील ३२ हा जेलवर दिसणारा आकडा (किलोडाल्टन). खरे वजन २३ च्या आसपास. अमिनो आम्लांची बेरीज करून २३ पाशी शोधणारा नवखा विद्यार्थी खरी पट्टी सोडून देतो.

प्राणी मरताच पेशीतील फॉस्फेटेज एंझाइमे फॉस्फेट भराभर उतरवतात. म्हणून ऊती तत्काळ गोठवतात आणि द्रावणात सोडियम फ्लोराइडसारखे निरोधक घालतात. निरोधकाचा अभ्यास करायला आधी निरोधकच घालावा लागतो, असा हा मामला!

प्रतिपिंडाची सर्वांत खणखणीत कसोटी म्हणजे डार्प-३२ चे जनुक काढून टाकलेला उंदीर. असे उंदीर १९९८ पासून ज्ञात आहेत. अशा उंदराच्या मेंदूच्या नमुन्यातही पट्टी दिसली, तर ते प्रतिपिंड बाद. फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडासाठी नमुन्यावर फॉस्फेटेजची प्रक्रिया करून पट्टी जाते का, तेही पाहतात. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून मिळवलेल्या, मिश्र) प्रतिपिंडाचा लॉट बदलला की बहुधा ते देणारा प्राणीही बदललेला असतो. तेव्हा प्रत्येक नव्या लॉटची तपासणी पुन्हा करावी आणि शोधनिबंधात कॅटलॉग क्रमांकासोबत लॉट क्रमांकही द्यावा.