अक्षम्य पाप व पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही, असे येशूचे वचन मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आढळते. मनुष्याच्या पुत्राविरुद्ध, म्हणजे खुद्द येशूविरुद्ध, बोललेल्या शब्दाचीही क्षमा होईल, असे मत्तय व लूक सांगतात. मग हे एकच पाप वेगळे का, याची चर्चा ख्रिस्ती विचारात पहिल्या शतकांपासून चालू आहे.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायातील प्रसंग वाचल्याशिवाय वचनाचा रोख कळत नाही. येशू भुते काढतो ती भुतांचा अधिपती बालजबूल याच्या बळावर, असा आरोप यरुशलेमहून आलेले शास्त्री करतात. भुते निघालेली दिसत असताना त्या कामालाच सैतानी ठरवणे, हा इथला अपराध आहे. तोंडून रागाच्या भरात गेलेला एखादा शब्द नव्हे. ‘आपल्या हातून ते पाप घडले की काय’ या धास्तीने खंगणारे भाविक सर्व काळात झाले. ज्याला अशी धास्ती वाटते त्याच्या हातून ते घडलेले नाही, असेच पाळक त्यांना सांगत आले. संत ऑगस्टीन (354–430) याने याचा अर्थ अखेरच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा लावला, आणि कॅथलिक चर्चची आजची शिकवण त्याच वाटेने जाते. क्षमा देवाकडून अडत नाही, घेणाऱ्याकडून अडते.

क्षमेविषयीची अशी उदार भूमिका ऑगस्टीनच्या आधीच्या काळातही सर्वांना पटत नव्हती. रोमन सम्राट डेसियसच्या छळात (इ.स. 250) जिवाच्या भीतीने देवतांना बळी अर्पण केलेल्यांना परत घ्यावे का, यावरून रोमचे ख्रिस्तमंडळ फुटले. तिथला धर्मगुरू नोव्हेशियन याने 251 मध्ये दार बंद करण्याचा पक्ष घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावे असे ठरवले. चर्चने पुढे हाच मार्ग धरला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रातील (अध्याय 6) विश्वास सोडणाऱ्यांविषयीच्या कठोर ओळी मात्र नोव्हेशियनच्या बाजूने बोलतात, हे मान्य केले पाहिजे.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापांत सहा प्रकार गणले. त्यांपैकी दोन परस्परविरुद्ध टोकांचे आहेत: क्षमेविषयी पूर्ण निराशा आणि क्षमा मिळणारच म्हणून बेफिकिरी. पहिल्याचे उदाहरण येशूला पैसे घेऊन पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत. त्याने ती चांदीची तीस नाणी परत केली, चूकही कबूल केली, पण गळफास घेतला. उलट दुसरा शिष्य पेत्र यानेही येशूला तीनदा नाकारले होते. तो रडला आणि परत आला.

दुसऱ्या टोकाचा मासला गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’मध्ये आहे. दक्षिण आफ्रिकेत प्लीमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना समजावले, की पाप टाळता येत नाही, येशूने त्याचा भार उचलला आहे, तेव्हा शांत राहावे. गांधीजींनी उत्तर दिले, की आपल्याला पापाच्या फळापासून नव्हे, पापवृत्तीपासूनच मुक्ती हवी आहे. सर्व ख्रिस्ती असे मानत नाहीत, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असा प्रश्न प्रेषित पौलानेही रोमकरांस पत्रात उभा करून ठाम नकार दिला होता. गांधीजींचा आक्षेप ख्रिस्ती परंपरेच्या आतलाच ठरतो.

 अशीच टीका पुढे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानेही केली. 1934 च्या नोव्हेंबरात गांधीजींनी डीट्रिख बोनहोफर या तरुण जर्मन धर्मोपदेशकाला आपल्याकडे येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. तो येऊ शकला नाही. पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी क्षमा म्हणजे ‘स्वस्त कृपा’, ही त्याची टीका 1937 च्या पुस्तकात आली. हिटलरच्या राजवटीने 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिले.

पश्चात्तापाच्या रीतीत पंथभेद आहेत. कॅथलिक परंपरेत मनापासून खेद, धर्मगुरूपुढे पापनिवेदन आणि सांगितलेले प्रायश्चित्त असे टप्पे असून चोरलेले परत करणेही त्यात येते. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम 1215 च्या लॅटरन परिषदेने घातला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भाविक थेट देवापुढे आणि उपासनेत सर्वांसह पाप कबूल करतो.