बालवाडी शिक्षिका व्हायचंय? आधी नोकरी ठरवा, मग कोर्स निवडा

चिखली, कुदळवाडी, कासारवाडी, काळेवाडीपासून थेट चाकण-महाळुंगेपर्यंत कारखान्यांच्या आजूबाजूला अंगणवाड्या आहेत, नर्सऱ्या आहेत, पाळणाघरं आहेत. बारावी झालेल्या आपल्या अनेक मुली आणि सुना या कामाकडे वळू पाहतात. काम घराजवळचं, दिवसाचं आणि लहान मुलांमधलं असल्याने घरच्यांचीही सहसा हरकत नसते. प्रश्न येतो तो प्रमाणपत्राचा. क्लासच्या पाटीवर ‘एनटीटी, शंभर टक्के नोकरी’ लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवून फी भरली जाते. पण कोणतं प्रमाणपत्र कुठे चालतं, हे आधी विचारलं नाही तर पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जातात.

अंगणवाडी सेविका

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात आता सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान बारावी पास ही अट आहे. यासाठी एनटीटी लागत नाही. निवड गुणांवर होते. बारावीचे टक्के, पदवी, डी.एड., बी.एड., एमएस-सीआयटी यांचे गुण धरले जातात. उमेदवार स्थानिक रहिवासी हवी आणि लहान कुटुंबाची, म्हणजे जास्तीत जास्त दोन हयात अपत्यांची अट आहे. हे काम मानधनावरचं आहे, हेही लक्षात असू द्या.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुलं मराठीशिवाय दुसरी भाषा बोलतात, तिथे ती भाषा जाणणारी सेविका घेण्याची तरतूद आहे. त्यात उर्दू आणि हिंदीही येतात. त्यामुळे बाल विकास प्रकल्प कार्यालयाची जाहिरात निघाली की हा मुद्दा नीट वाचा. मराठी चांगली येत असेल आणि उर्दू लिहिता-वाचता येत असेल, तर ते अर्जात जरूर दाखवा.

पूर्वप्राथमिक शिक्षिका

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४च्या नियमांनुसार पूर्वप्राथमिक शिक्षिकेसाठी बारावीला किमान ५० टक्के आणि मान्यताप्राप्त संस्थेतला किमान दोन वर्षांचा पूर्वप्राथमिक डिप्लोमा, किंवा बी.एड. (नर्सरी) अशी पात्रता आहे. म्हणजे सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा खासगी कोर्स या निकषात बसत नाही. काही खासगी नर्सऱ्या तो चालवून घेतात. पण मुलाखतीआधी त्या शाळेलाच विचारून खात्री करा. नुसत्या क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

पहिली-दुसरीपर्यंत जायचं असेल तर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी येतात. शाळेत पहिलीपासून शिकवायचं असेल तर दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि त्यानंतर टीईटी लागते. डी.एल.एड.चे प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन होतात. बारावीला खुल्या गटात ४९.५ टक्के आणि राखीव गटात ४४.५ टक्के हवेत. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा ओबीसी यादीतल्या जमातींच्या मुलींनी जात प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर दाखला आधीच काढून ठेवावा. पाच टक्क्यांचा फरक काहींसाठी पूर्ण प्रवेशाचा प्रश्न असतो. हा कोर्स उर्दू माध्यमातूनही करता येतो.

घर सांभाळून शिकायचं असेल तर

इग्नूचा ‘अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन’ डिप्लोमा बारावीनंतर दूरशिक्षणाने, किमान एका वर्षात करता येतो. पुण्यात इग्नूचं प्रादेशिक केंद्र आहे. हिंदी माध्यमही आहे. विद्यापीठाचं प्रमाणपत्र म्हणून त्याला वजन आहे. मात्र तो एक वर्षाचा असल्याने वर सांगितलेली दोन वर्षांची अट पूर्ण करत नाही.

पाळणाघर

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कंपन्यांच्या बाबतीत ही तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. बालसंगोपन शिकलेल्या मुलींनी कंपन्यांच्या एचआर विभागाकडे चौकशी करायला हरकत नाही.

फी भरण्याआधी विचारा

- प्रमाणपत्रावर नाव कोणाचं येणार? विद्यापीठ, शासन की खासगी संस्था?
- संस्था एनसीटीईच्या यादीत आहे का? परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.
- खऱ्या वर्गात शिकवण्याचा सराव किती दिवस, आणि कोणत्या शाळेत?
- फीची पावती संस्थेच्या नावाने मिळते का?
- मागच्या बॅचच्या दोन मुलींशी बोलता येईल का?

निकाहनंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जवळ ठेवा. मार्कशीट आणि आधारवर वेगवेगळी नावं असतील तर कागदपत्रं तपासताना अडचण येते.

घरच्यांनाही एक विनंती. मुलीला दोन वर्षं शिकवायला पैसे जास्त लागतात, हे खरं. पण ते प्रमाणपत्र लग्नानंतर गाव बदललं तरी तिच्यासोबत जातं. गल्लीतला क्लास बंद पडला की त्याच्या कागदाची चौकशी करायलाही कोणी सापडत नाही.