पैनगंगेपलीकडची मराठी आणि विज्ञानकथेचा मांडव

पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यातून 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले, तरी उरलेल्या जिल्ह्यात मराठी टिकून राहिली. मात्र या भाषेतील विज्ञानकथेची, म्हणजे वैज्ञानिक शक्यतेवर रचलेल्या कल्पित कथेची, बैठक 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेमुळे मुंबईत जमली. परिषदेच्या कथास्पर्धेत 1974 मध्ये जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटवून, नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. पाश्चात्त्य चाहत्यांची वेशभूषेची संमेलने मराठीत रुजली नाहीत (त्यांची उणीवही फारशी भासली नाही). विज्ञानकथा साहित्य संमेलनाच्याच मांडवात शिरली. नाशिकच्या 2021 मधील 94 व्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते, परंतु प्रकृतीमुळे ते तेथे उपस्थित राहू शकले नाहीत.