पोत्याचं वजन कोण ठरवतं?

माझा एक कॉलेजमधला मित्र अमेरिकेत असतो आणि घरी बिअर बनवतो. (तिकडे केंद्र सरकारनं १९७८ साली याला परवानगी दिली. आपल्याकडे विनापरवाना असलं काही केलं तर दारूबंदी कायद्याचं कलम लागतं, तेव्हा कुणी प्रेरणा घेऊ नये!) हल्ली त्याची बॅच मोठी व्हायला लागली आहे आणि त्याची तक्रार चवीबद्दल नाही, कंबरेबद्दल आहे. जवाचं माल्ट २५ किलोच्या पोत्यात येतं. ते कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात भिजवायचं आणि मग पिशवी वर उचलायची. १० किलो धान्य उचलताना साधारण तेवढंच पाणी धरून बसतं, म्हणजे झाले २० किलो, तेही वाफाळते. शेवटी पठ्ठ्यानं गॅरेजच्या छताला कप्पी लावली.

फोनवर त्यानं सहज विचारलं, "पण पोतं २५ किलोचंच का रे? कोण ठरवतं हे?"

प्रश्न साधा आहे, पण डोक्यातून जाईना. कारण मी ज्या भागातला आहे तिथे पोतं म्हटलं की २५ नाही, १०० किलो. आमचं मूळ गाव वढू बुद्रुक, शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी, कोरेगाव भीमाच्या शेजारी. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे नाव सगळ्यांना माहीत असतं. ज्वारी-बाजरीचा हा पट्टा. घरी खाऊन उरलेलं धान्य पुण्याच्या बाजारात जायचं. आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात "किती क्विंटल झालं" आणि "किती पोती झाली" हे एकाच प्रश्नाचे दोन उच्चार होते. एक पोतं म्हणजे एक क्विंटल. हिशेबाला किती सोपं!

पण मंडळी, मुद्दा तिथेच आहे. सोपं कुणाला?

आधी बैलाची पाठ

थोडं मागे जाऊ. रेल्वे आणि पक्के रस्ते यायच्या आधी दख्खनमध्ये धान्य फिरायचं ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांवरून. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना तोललेल्या गोण्या टाकायच्या. ही 'गोणी' इंग्रजांनी उचलली आणि तिचं 'गनी बॅग' झालं. तेव्हा ओझं किती, हे बैलाची पाठ आणि घाटाचा चढ ठरवायचा. जनावर बसलं की तांडा अडला, त्यामुळे ही मर्यादा मालकाला पाळावीच लागायची.

मापंही गावागावाची निराळी. चार शेरांची पायली, पण किती पायल्यांचा मण हे मुलखागणिक बदलायचं. १८५५ साली बंगालमध्ये रिश्रा इथे तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे तागाचं पोतं देशभर एकसारखं झालं. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोचली, तिथून पुढे दौंडकडे गेली. आता पोतं बैलाच्या पाठीवर जायचं राहिलं नाही. ते वाघिणीत जाऊ लागलं, आणि वाघिणीला काय, ५० किलो असो वा १००! फक्त गाडीपासून वाघिणीपर्यंत आणि वाघिणीपासून गोदामापर्यंतचं मधलं अंतर उरलं. ते माणसाच्या पाठीवर आलं.

ब्रिटिशकालीन प्रमाण मण ३७.३२ किलोचा. अडीच मणाची गोणी म्हणजे सुमारे ९३ किलो. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजनं यायला लागली. भाव क्विंटलवर आले आणि १०० किलोचं पोतं हे हिशेबाला अगदी गुळगुळीत माप झालं. कागदावर ही नुसती 'राउंडिंग' आहे. पाठीवर मात्र ते जवळजवळ सात किलो जास्त आहेत.

हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही बरं का. इंग्लंडमध्ये जवाचं (म्हणजे बिअरच्याच धान्याचं) पोतं दोन हंड्रेडवेट, म्हणजे १०१.६ किलोचं असायचं आणि गव्हाचं तर सव्वादोन हंड्रेडवेट, म्हणजे ११४ किलोचं. तिथल्या गिरण्यांत पोती वर खेचायला साखळदंड आणि कप्प्या कधीच्याच होत्या. तरी शेतावर पोतं १०० किलोचंच राहिलं. म्हणजे नुसतं यंत्र आलं म्हणून पोतं हलकं होत नाही.

हमालाचं गणित

१०० किलोचं पोतं एकटा माणूस जमिनीवरून पाठीवर घेऊ शकत नाही. दोघं धरतात, तिसऱ्याच्या पाठीवर देतात, तो वाकून फळीवरून चालत जातो आणि थप्पीला लावतो. असं दिवसभर.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ३४ वं कलम होतं: इजा होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये. छान आहे. पण भुसार बाजार ही फॅक्टरी नाही, आणि हमाल कुणाचाच 'कामगार' नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या. शेतकरी म्हणणार माझा माणूस नाही, आडत्या म्हणणार माझाही नाही, ट्रकवाला तर गेलाच. कायद्याला पकडायला मालकच सापडत नाही.

पुण्यात भवानी पेठ-नाना पेठेच्या बाजारात डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली ती या पार्श्वभूमीवर. (त्यांचं 'एक गाव एक पाणवठा' आपल्याला शाळेत कळतं, हमालांचं काम फारसं कळत नाही.) मुंबईत साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. या रेट्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला.

या कायद्याचं डिझाइन मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. मालक सापडत नाही ना? मग शोधूच नका. मधे एक मंडळ ठेवा. व्यापाऱ्याची नोंदणी करा, हमालाची नोंदणी करा. काम कुठेही झालं तरी मजुरी मंडळाकडे जमा होईल, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही बसेल, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधपाणी. हमाल बदलत्या मालकाला नाही, मंडळाला जोडलेला. आपल्या भाषेत, मधे एक लेयर टाकला आणि दोन्ही टोकांचा गुंता सुटला.

आणि एकदा माणूस नोंदवला गेला, की तो पोत्याच्या वजनाबद्दल बोलू शकतो. "१०० किलो नको, ५० किलो करा" ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. जगातही वारं त्याच दिशेचं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली एका प्रौढ पुरुषानं वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात तर सगळी परिस्थिती आदर्श असताना उचलायचं वजन २३ किलो धरलंय! मित्राचं २५ किलोचं पोतं या आकड्याच्या जवळपास येतं.

आज सरकारी गोदामातला गहू-तांदूळ ५० किलोच्या तागाच्या पोत्यात असतो. पण हा निकाल कायमचा लागलेला नाही. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी उतरवायला माथाडींनी नकार दिल्याच्या बातम्या अगदी अलीकडच्या वर्षांतल्या आहेत.

मग शेतकऱ्याचं काय?

इथे माझ्यातला गावाकडचा माणूस जागा होतो. बाजारातून जी पट्टी येते तिच्यात हमाली, तोलाई हे सगळं वजा झालेलं असतं. हमाली नगावर असेल तर पोती दुप्पट झाली की कपातही वाढण्याची भीती. शिवाय बारदान दुप्पट लागतं. ५० किलोचं पोतं ५८० ग्रॅमचं, म्हणजे क्विंटलला सव्वा किलोच्या आसपास ताग. त्यामुळे "पोतं लहान करा" म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येते, आणि ती खोटी नाही.

शिवाय कुणी असंही म्हणेल की ट्रकमधला माल तर तेवढाच आहे, मग फायदा काय? करून बघू. १० टनांचा ट्रक, चार हमाल. १०० किलोची पोती असतील तर प्रत्येकी २५ खेपा. ५० किलोची असतील तर प्रत्येकी ५० खेपा. दोन्हीकडे माणशी अडीच टनच! चालणं उलट दुप्पट झालं.

तरीही फरक आहे, आणि तो आपल्या धंद्यातल्या कुणालाही चटकन कळावा. सर्व्हर सरासरी लोडनं पडत नाही, पीक लोडनं पडतो. मणक्याची चकती "आज एकूण किती टन" एवढंच मोजत नाही, या क्षणी किती दाब आहे तेही मोजते. थकवा रात्रीतून उतरतो. सरकलेली चकती नाही उतरत.

पण हा फरक हमालाच्या अंगात दिसतो, हिशेबाच्या वहीत दिसत नाही. १०० किलोच्या पोत्यात वाचलेला ताग आणि वाचलेला वेळ वहीत येतो. चाळिशीत मोडलेली कंबर येत नाही, ती हमालाच्या घरी जाते. १०० किलोचं पोतं स्वस्त होतं, कारण त्याच्या किमतीतला एक भाग कुणी लिहूनच ठेवत नव्हतं. लेव्हीनं पहिल्यांदा तो भाग लिहायला लावला. त्यातला शेतकऱ्यानं किती सोसायचा, व्यापाऱ्यानं किती आणि शेवटी आपण गिऱ्हाइकांनी किती, यावर भांडण व्हायलाच हवं. पण ते रकमेवर व्हावं, पाठीवर नको.

वढूजवळच तुळापूर आहे. तिथली आख्यायिका लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. १६३३ साली मुरार जगदेवाला हत्तीची तुला करायची होती, पण हत्ती तोलणारा तराजू आणायचा कुठून? शहाजीराजांनी युक्ती सांगितली: हत्ती नावेत चढवा, पाण्याची रेघ मारा, मग हत्ती उतरवून त्या रेघेपर्यंत दगड भरा, आणि दगड एकेक करून तोला. अवजड गोष्ट पेलायची तर तिचे माणसाला झेपतील असे तुकडे करायचे, ही अक्कल आमच्या पंचक्रोशीत जुनी आहे. पोत्याला ती लावायला तीनशेहून जास्त वर्षं लागली, कारण दगड उचलणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि हे सगळं जुन्या बाजारापुरतं आहे असं समजू नका. राजस्थाननं २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यातली मंडळ-नोंदणी-शुल्क ही रचना माथाडी कायद्याच्याच वळणाची आहे. तिथेही प्रश्न तोच, की मालक सापडत नाही. फरक इतकाच की पूर्वी पोत्याचं वजन आडत्याची वही ठरवायची, आता एका फेरीत किती ऑर्डर आणि किती मिनिटं हे आपल्यापैकी कुणीतरी लिहिलेला कोड ठरवतो. तो आकडा टाकताना तो कुणाच्या पाठीवर जाणार आहे, हे एकदा त्या पाठीला विचारावं. विचारायचा खर्च फार नसतो.

असो. सोमवार जवळ आला. पुढच्या शनिवारी भेटूच.